मोतिया भिंतीतल्या वायरी

“शोधा की मग! एक वायर दाखवा या हॉलमधली, अक्का. एकच. पुन्हा पाटीचं नाव काढणार नाही.”

विश्राम इतक्या जोरात बोलला की घरमालकीण मनोरमाबाईंनी हातातलं घड्याळ छातीशी घट्ट धरलं.

अक्का सोफ्यावर बसल्या होत्या. पोह्यांतला शेंगदाणा चावत राहिल्या.

“बघा ना. पाच स्पीकर आहेत आणि वर तो बेसचा डबा. लोकांच्या घरी सापांची वारुळं झालेली असतात. इथं आहे काही? पट्टी नाही, खिळा नाही, भोक नाही. रंगाऱ्यानं लांबी भरली तेव्हा तोसुद्धा म्हणाला, मालक, वायर टाकायची राहिली का?”

“रंगारी म्हणाला?”

“हो!”

“मग त्यालाच विचार पाटीचं.”

मनोरमाबाईंना हसू आवरेना. त्या मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. हसल्या की चार खोल्यांपलीकडे कळायचं.

कराडात यमुनाअक्कांना ओळखत नाही असा वायरमन नव्हता. बिघडलेल्या रेडिओंची पोटं फाडून बाई आपल्या आपण शिकल्या. तेव्हा पेठेतले लोक हसले. पुढे त्याच लोकांनी आपली पोरं त्यांच्याकडे शिकायला पाठवली, आणि अक्कांनी त्यांना तोंड वाकडं न करता शिकवलं. हाताखालच्या माणसानं स्वतःच्या नावाची पाटी कधी लावायची, ते अक्का ठरवत. त्याला सही-शिक्का नव्हता. आपण केलेलं एक घर त्यांना दाखवायचं. त्या फिरून बघायच्या आणि म्हणायच्या, “लाव.” झालं.

विश्रामनं आधी दोन घरं दाखवली होती. दोन्हीकडे अक्का चहा पिऊन उठून गेल्या.

त्याच्या मागून आलेल्यांच्या पाट्या आता बाजारात झळकत होत्या. त्याची पाटी रंगवून तयार होती, घरात, भिंतीकडे तोंड करून. बायको रोज तिच्यावरची धूळ पुसायची आणि काही बोलायची नाही. ते न बोलणंच त्याला जास्त लागायचं.

म्हणून या घरात त्यानं जीव ओतला होता.

“गाणं लाव,” अक्का म्हणाल्या.

विश्रामनं लावणी लावली. ढोलकी एका भिंतीतून निघाली, दुसरीला जाऊन थडकली आणि मधोमध बसलेल्या मनोरमाबाईंचा पाय आपोआप हलायला लागला. बाई म्हणाल्या, “आई गं! बाई माझ्या मांडीवर बसून गातेय जणू.”

विश्रामची मान ताठ झाली.

अक्का ऐकत राहिल्या. कडवं संपलं.

“आवाज फक्कड,” त्या म्हणाल्या. “वायर कशी नेलीस?”

“जवळच्या वाटेनं.”

“म्हणजे?”

“तिरकी. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, थेट. झिरी पाडली, वायर दाबली, वर सिमेंट. वायर आखूड तर आवाज भरीव. उगाच काटकोनात वळणं कशाला?”

अक्कांचा चावणारा जबडा थांबला.

त्यांच्याकडे पहिल्या दिवशी येणाऱ्याला पहिली गोष्ट कळायची ती हीच, की भिंतीतली वायर जाईल तर सरळ वर, नाहीतर सरळ आडवी. बटण दिसलं की तिची वाट कळली पाहिजे. विश्रामला ते पाठ होतं. पण ते दिव्या-पंख्यांच्या वायरींसाठी, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं.

आता ओरडणार, असं त्याला वाटलं. तो तयारच होता.

अक्का मनोरमाबाईंकडे वळल्या. “ते घड्याळ का कवटाळून बसलाय?”

“लावायचंय हो. रंगकामात उतरवलं, ते उतरवलंच. रोज विचारते, विश्राम, कुठं लावू? तर म्हणतो, उद्या सांगतो.”

“असं होय.”

“घरातला माणूस कितीला जेवला, कितीला झोपला, काही कळत नाही. मोबाइलमध्ये वेळ बघायची म्हणजे चष्मा शोधा.”

“हातोडी आण,” अक्का विश्रामला म्हणाल्या. “आणि खिळा.”

त्यानं पिशवीतून आणलं.

“ठोक.”

“कुठं?”

“तुझं काम आहे. तुझी भिंत. कुठंही ठोक.”

लावणी चालूच होती. विश्राम टीव्हीच्या वरच्या भिंतीशी गेला. खिळा टेकवला… उचलला. डावीकडे सरकला. टेकवला… उचलला.

“काय रे?”

“इथं नको.”

“मग तिकडं.”

तो दाराशेजारी गेला. खिळ्याचं टोक मोतिया रंगाला जेमतेम लागलं होतं. हातोडी उचललेली तशीच राहिली.

“इथंही नको, अक्का. खिळा लागला तर आतल्या आत तार तारेला भिडेल. ॲम्प्लिफायर जळेल.”

“खिडकीखाली?”

“नको.”

“देव्हाऱ्याच्या बाजूला?”

“तिथं… नकोच.”

“वर? छताजवळ?”

त्यानं हातोडी खाली घेतली.

“एवढी वायर आणलीस कुठनं रे? अख्ख्या कराडला गुंडाळून उरेल.”

मनोरमाबाई या वेळी हसल्या नाहीत. त्या आपल्याच हॉलकडे बघत होत्या. मघाशी देखणा वाटलेला हॉल आता कुणी तरी सुरुंग पेरून ठेवल्यासारखा वाटायला लागला होता. त्यांनी अक्कांसकट सोफा किंचित भिंतीपासून लांब ओढला.

ते विश्रामनं पाहिलं.

“तुम्हाला पाटी द्यायचीच नाही!” तो भडकला. “तिसरं घर दाखवतोय मी! माझ्या मागून आलेल्या साबळ्यानं दाखवलेल्या घरात स्विचबोर्ड वाकडा होता, त्याला म्हणालात लाव. माझं काम दिसतसुद्धा नाही तर म्हणे खिळा ठोक. मी घड्याळं टांगायला शिकलो का तुमच्याकडे?”

“दिसत नाही ना?”

“नाही!”

“मग घाबरतोस कशाला?”

…

ढोलकी थांबली. पुढचं गाणं सुरू व्हायच्या आधीची शांतता हॉलभर पसरली. ती शांतताही पाचही स्पीकरमधून येत होती, इतकं त्याचं काम चोख होतं.

विश्राम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. अक्कांच्या पुढ्यात रडायचं नाही, एवढं त्यानं ठरवलं होतं.

मग त्याचा हात कानामागे गेला. तिथं सुताराची जाड निळी पेन्सिल होती.

त्यानं ती भिंतीला टेकवली.

“अरे!” मनोरमाबाई उठल्या. “अरे, मोतिया रंग आहे तो! हात ठेवू देत नाही मी कुणाला!”

“असू द्या,” अक्का म्हणाल्या.

“काय असू द्या? माझी भिंत—”

“बसा हो मेट्रन.”

मनोरमाबाई बसल्या. त्यांना असं बसवणारं माणूस त्यांच्या आयुष्यात क्वचितच भेटलं असेल.

टीव्हीच्या कोपऱ्यातून रेघ निघाली. तिरकी, वर, पंख्याच्या बटणाच्या बाजूनं. विश्राम आधी कचरत होता. मग झिरी पाडतानाची वाट त्याच्या हाताला आठवत गेली. इथं वीट कडक लागली होती, छिन्नी बोथट झाली होती. इथं न्हाणीघराचा पाइप आडवा आला, म्हणून बोटभर वळलो. देव्हाऱ्यामागे चप्पल काढून काम केलं होतं. दारावरची झिरी पाडताना स्टूल डगमगलं होतं आणि तरीही ती वाकडी गेली नव्हती. तो स्टुलावर चढला, सोफ्यामागे वाकला, पोटावर झोपून बेसच्या डब्यापर्यंत गेला. पेन्सिल झिजली तशी त्यानं दातांनी लाकूड सोललं आणि पुढे चालू लागला.

कुठंही थांबला नाही. कुठंही खोडलं नाही.

शेवटची रेघ उजव्या स्पीकरच्या पाठीत शिरली तेव्हा त्याचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता आणि मनोरमाबाईंचा मोतिया हॉल निळ्या रेघांनी भरून गेला होता.

“सगळ्या?” अक्कांनी विचारलं.

“सगळ्या.”

“एखादी विसरलास तर?”

“विसरलो नाही.”

हे तो ओरडून बोलला नाही. अक्कांनी मान वर केली.

विश्रामनं गाण्याचा आवाज वाढवला. अगदी भरपूर. मग देव्हाऱ्याच्या बाजूला, निळ्या रेघेपासून दोन बोटांवर, खिळा टेकवला आणि हातोडी उगारली.

मनोरमाबाईंनी डोळे मिटले.

ठक्.

लावणी चालू.

ठक्. ठक्. ढोलकीच्या तालात ठक्. खिळा हवा तेवढा आत गेला आणि गाणाऱ्या बाईचा सूर केसभरही हलला नाही. विश्रामनं आणखी एक खिळा घेतला, गरज नसताना, आणि दाराशेजारी ठोकला. मग टीव्हीच्या वर, दोन रेघांच्या अगदी बेचक्यात. गाणं दणदणत होतं. तो हसत होता. लहान मुलासारखा, तोंड उघडं टाकून.

“बास! बास, माझ्या भिंतीची चाळण करशील!” मनोरमाबाईंनी घड्याळ त्याच्या हातात दिलं. पण त्याही हसत होत्या, चार खोल्यांपलीकडे ऐकू जाईल असं. “देव्हाऱ्याजवळच लाव. आणि हे बघ, या रेघांवर रंग मारायचा नाही. मी आहे तोवर तरी. येईल त्याला सांगीन, हे सगळं आत आहे म्हणून.”

त्यांनी सोफा पुन्हा भिंतीला लावला.

विश्रामनं घड्याळ टांगलं. चार पावलं मागे येऊन सबंध हॉल बघितला. इतके दिवस जे जिवापाड झाकलं, ते या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पसरलं होतं.

अक्का उंबऱ्याशी चपलांत पाय घालत होत्या.

“अक्का… आता तर सगळ्या वायरी उघड्यावर आल्या.”

अक्कांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

“पाटी लाव जा. खिळ्यापासून आत्ता लपल्या.”