अर्धी भाकरी

"आई गेली आणि मला रडू आलं नाही. म्हणजे जमलं ना, बाबा?"

मैराळबाबा मठाच्या ओट्यावर अंबाडीची भाजी निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय जमलं?"

"वैराग्य," कुंडलिक म्हणाला.

म्हणताना त्याची मान जरा ताठ झाली. ते त्याचं त्यालाही कळलं. पण कळलं म्हणून त्यानं ती खाली केली असं काही नाही.

परवा दुपारी अनसाबाई गेली. चुलीपुढे बसल्या जागीच कलंडली. गावानं तिला उचललं, गावानंच अग्नी दिला. हिवरवाडी मठापासून अशी हाकेच्या अंतरावर, पण तिचा एकुलता एक लेक मठाच्या पायरीवरून हलला नाही. बैराग्याला कुठली आई? कुणी म्हणालं, काय निष्ठा आहे पोराची! कुणी म्हणालं, माणूस आहे का दगड? कुंडलिकाला दोन्ही बोलणी सारखीच गोड लागली. आणि आज तो गुरूकडून शाबासकी घ्यायला आला होता.

"बाबा, मी विचारतोय काहीतरी."

"ऐकतोय." बाबांनी एक किडकं पान बाजूला टाकलं. "परवा सकाळी तिनं काय वाढलं होतं रे तुला?"

"कोणी?"

"तुझ्या आईनं."

"भाकरी."

"कशाची?"

कुंडलिक हसला. "ते कशाला बघायचं, बाबा? बुडवायचीच होती ना!"

…

बुडवण्याचं प्रकरण सांगायला हवं.

कुंडलिक पहिल्यांदा मठात आला तेव्हा ऐन पंचविशीत होता. घर, शेत, आई, सगळ्यावर पाणी सोडून आला होता. बाबांच्या पायांशी बसून म्हणाला होता, "मला सुंदर बघायचंय. एकदा बघितलं की दुसरं काही बघावंसंच वाटू नये, असलं."

बाबा म्हणाले होते, "रोज पाच दारांत भिक्षा माग. दारात नीट उभा राहा. घाई करू नको. आणि आईचं दार वगळू नको."

झालं! एवढाच उपदेश. कुंडलिकाला तो फारच किरकोळ वाटला. मग त्यानं स्वतःच त्यात भर घातली. एक फिरता गोसावी मठात उतरला होता, त्याच्याकडून त्यानं व्रत उचललं. भिक्षेची झोळी भरली की सरळ नदीवर जायचं आणि झोळी पाण्यात बुडवायची. चांगली दोन-तीनदा. भाकरी, कोरड्यास, चटणी, कुणी सणाचं गोड वाढलं असेल तर तेही, सगळ्याचा एक बेचव लगदा करायचा आणि डोळे मिटून गिळायचा. म्हणजे जिभेचे लाड संपतात. जीभ मेली की मन मरतं, असं तो गोसावी म्हणाला होता.

बाबांना सांगितलं तेव्हा बाबा नुसते "बरं" म्हणाले.

बाबा स्वतः मात्र कधी बुडवत नसत. काठी टेकत कुंडलिकाच्या मागून तीच पाच दारं फिरायचे, प्रत्येक दारात टेकायचे, गप्पा मारायचे, आणि मठात येऊन मिटक्या मारत जेवायचे. "वा! आज ठेचा काय जमलाय!" असं म्हणून बोटंसुद्धा चाटायचे. कुंडलिकाला लाज वाटायची. एवढं वय झालं, पण म्हाताऱ्याची जीभ काही सुटत नाही, असं त्याच्या मनात यायचं. तोंडानं कधी बोलला नाही, पण यायचं खरं.

आईच्या दारात तो इतर दारांसारखाच उभा राहायचा. नजर खाली. "माई, भिक्षा वाढ." आई म्हणायचा नाही. अनसाबाई एक भाकरी आणायची, मधोमध मोडायची, अर्धी त्याच्या झोळीत घालायची आणि अर्धी मागून येणाऱ्या बाबांसाठी ठेवायची. भाकरी पडली की हा निघाला. तिच्याकडे त्यानं इतक्या वर्षांत मान वर करून पाहिलं नाही, आणि याचा त्याला अभिमान होता.

…

"तुला माहीत आहे?" बाबा म्हणाले. "मी मागून जायचो ना, तर रोज विचारायची मला."

"काय?"

"'म्हाराज, कालचं आवडलं का हो माज्या कुंडलिकाला?'"

बाबांनी पुढची काडी उचलली.

"रोज. एक दिवस चुकली नाही. आज तिळकूट घातलंय, त्याला लहानपणी लई आवडायचं. आज भाकरीत मेथी मळलीय. आज लोणी आहे, शेजारणीकडून मागून आणलंय. आवडलं का त्याला?"

"आणि तुम्ही काय सांगायचात?"

"आवडलं, म्हणायचो."

"खोटं?"

"खोटं."

"बाबा!" कुंडलिकाचा आवाज चढला. "साधू होऊन खोटं? तेही माझ्या नावावर?"

"हो. चांगलं रंगवून सांगायचो. काल म्हणाला, असा ठेचा कुणाला जमत नाही. परवा म्हणाला, अजून थोडं असतं तर बरं झालं असतं. ती पदर तोंडाला लावायची. पिठानं हात भरलेले असायचे, कोपरापर्यंत. तसेच पदराला पुसायची. नाकावरही पीठ लागलेलं असायचं, तिला पत्ता नसायचा. आत तव्यावर दुसरी भाकरी टम्म फुगलेली असायची. वास थेट गल्लीच्या तोंडापर्यंत…"

बाबा थांबले. अंबाडीची काडी हातातच राहिली.

"तिचं घर गल्लीतलं शेवटचं," ते म्हणाले. "दारातून काय दिसतं रे?"

"नदी," कुंडलिक म्हणाला. "घाटाच्या पायऱ्या…"

त्यानं वळून खाली नदीकडे पाहिलं.

घाटाच्या त्याच पायऱ्यांवर बसून तो झोळी बुडवायचा.

"म्हणजे… तिला दिसायचं?"

"तुझी पाठ वळली की ती उंबऱ्यावर येऊन उभी राहायची. तू झोळी बुडवून, पिळून, खाऊन उठेपर्यंत."

"मग तिला माहीत होतं!"

"होतं."

"मग तुम्हाला कशाला विचारायची, आवडलं का म्हणून?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा भाजीत हात घातला.

खाली नदीवर कुणी तरी धुणं आपटत होतं. त्याचा आवाज तेवढा येत राहिला…

कुंडलिकानं घसा खाकरला. मान पुन्हा ताठ केली. "मोह होता तिचा. दुसरं काय? तिला सुटला नाही. मला सुटला."

"असं म्हणतोस?"

"असंच आहे."

बाबा उठले. गुडघ्यावर हात देत देत आत गेले. फळीवरून एक फडकं काढून आणलं आणि कुंडलिकापुढे ओट्यावर सोडलं.

आत अर्धी भाकरी होती.

"परवाची," बाबा म्हणाले. "तुझ्या अर्ध्या भाकरीची दुसरी अर्धी. मी जेवायला बसणार तोच निरोप आला. मग घास उतरला नाही, बांधून ठेवली."

ज्वारीची भाकरी. वाळून पार कडक झाली होती. एका कडेला जवसाची चटणी चिकटलेली. आणि पापुद्र्यावर, भाकरी तव्यावर टाकून पाणी फिरवलं की उठतात तशा, बोटांच्या रेघा. चार बोटं. स्वच्छ दिसत होती.

कुंडलिक बघत राहिला. त्याचा हात मांडीवरून थोडा उचलला गेला.

"घे," बाबा म्हणाले.

हात तिथंच थांबला.

"घे रे. तिच्या हातची आता दुसरी मिळायची नाही."

कुंडलिकानं बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. मग भाकरीकडे. मग त्याच्या ओठांवर हळूच एक हसू आलं. शहाण्या शिष्याला येतं तसलं, सगळं ओळखल्याचं हसू.

"परीक्षा घेताय ना, बाबा?"

बाबा भाकरीकडे बघत होते.

"इतक्या वर्षांचं व्रत एका तुकड्यापायी मोडतो का, तेच बघताय. मी नाही फसायचा." त्यानं फडकं दोन बोटांनी बाबांकडे सरकवलं. "मला नको. मी त्याच्या पलीकडे गेलोय."

"नक्की?"

"नक्की."

बाबांनी मान हलवली. फडकं मांडीवर घेतलं. भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात घातला.

त्यांना धड दात नव्हते. तुकडा गालात धरायचा, मऊ होईपर्यंत घोळवायचा, मग गिळायचा. एक तुकडा. मग दुसरा. घाई नाही. कुंडलिकाकडे बघणं नाही. खाता खाता म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायलाही ते थांबले नाहीत.

कुंडलिक आधी ताठ बसून होता. मग वारा फिरला आणि चटणीचा वास आला.

भाजलेला जवस. लसूण. आणि त्याच्या खाली, अगदी पुसट, चुलीचा धूर.

बस, एवढंच! पण कुंडलिकाला एकदम चूल दिसली. चुलीपुढे उकिडवा बसलेला इवलासा कुंडलिक दिसला. शेवटच्या गोळ्याची आई त्याच्यासाठी चिमुकली चानकी थापायची. तळहाताएवढी भाकरी, फक्त त्याची. ती तव्यावरून निघेपर्यंत त्याला दम निघायचा नाही. "आई, झाली का? आई, फुगली का?" आणि ती हसायची. परातीवर तिच्या बांगड्या वाजायच्या. गरम चानकीवर बोटानं चटणी फासून ती त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, फुंकर घाल रे, पोळशील.

ती चटणी हीच. पण तिची चव काही केल्या आठवेना. चूल आठवली, धूर आठवला, बांगड्या आठवल्या. चव नाही. तो तोंडात जीभ फिरवत राहिला. तोंडात फक्त नदीचं पाणी होतं.

"बाबा…"

बाबा खात होते.

"बाबा, थांबा. मला… थोडी द्या."

बाबांनी शेवटचा तुकडा तोंडात घातला होता. त्यांनी रिकामं फडकं उचललं, त्याच्यापुढे उलगडून धरलं. दोन-चार कण होते, ते ओट्यावर पडले. कुंडलिकानं त्यांवर झडप घातली. कण बोटाला लागले ते त्यानं जिभेवर ठेवले. धूळच लागली.

मग तो रडला. परवा न आलेलं रडू आलं आणि वाईट आलं. "आई, आई" म्हणत कपाळ ओट्यावर आपटू लागला. ज्या शब्दासाठी ती बिचारी रोज उंबऱ्यात तिष्ठत उभी राहिली, तो शब्द आता नुसता वाया चालला होता.

बाबा बसून राहिले. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही.

बऱ्याच वेळानं कुंडलिकानं तोंड वर केलं. डोळे लाल झाले होते. आता त्यांत राग होता.

"तुम्हाला सगळं दिसत होतं. मग मला अडवलं का नाहीत?"

"पाच दारांत उभं केलं होतं ना रे तुला," बाबा म्हणाले. "रोज."

"मी सुंदर बघायला आलो होतो तुमच्याकडे!"

"म्हणून तर तिचं दार वगळू नको म्हणालो."

…

धुणं आपटायचा आवाज थांबला होता. पायऱ्यांवर आता कुणी नव्हतं. वर गल्लीच्या टोकाला अनसाबाईचं दार दिसत होतं. त्याला बाहेरून कडी होती.

कुंडलिकानं नाक पुसलं. आवाज अगदी बारीक करून, चुलीपुढच्या पोरासारखा, तो म्हणाला, "एवढं तरी सांगा, बाबा. तिच्या हातची चव… कशी होती?"

मैराळबाबांनी अंबाडीची जुडी पुन्हा पुढे ओढली.

"नदीला विचार."