माहेरी आलेला शब्द

वडगावच्या बाजारात सखाहरी न्हाव्यानं दुकानावर नवी पाटी लावली, ‘इथे शाम्पू करून मिळेल’. झालं! भाषाशुद्धी समितीचे अध्यक्ष घारपुरे मास्तर काखेत जाडजूड कोश मारून हजर.

“गोऱ्यांचा शब्द! पाटी उतरव, नाहीतर उद्यापासून गावातलं एक डोकं तुझ्या खुर्चीत बसणार नाही.”

सखाहरीनं तोंड गोड ठेवलं. “उतरवतो की. उन्हातनं आलात, जरा टेका.”

मास्तर टेकले. सखाहरीनं तेल घेऊन त्यांचं टाळकं असं चेपलं, की अध्यक्ष घोरायला लागले. जागे होताच म्हणाले, “वा! याला काय म्हणतात रे?”

“हिंदीत ‘चांपो’, म्हंजे चेपा. गोऱ्या साहेबानंही असंच डोकं पुढं करून विचारलं, अन् त्याच्या तोंडी त्याचा शाम्पू झाला. बघा की कोशात.”

मास्तरांनी कोश उघडला आणि गुपचूप मिटला.

“आपलीच लेक, मास्तर. विलायतेला दिलेली, झगा घालून माहेरी आली. दारातनं हाकलू?”

“नको,” मास्तर पुटपुटले, “आणि ते मानेकडचं राहिलंय बघ.”