रेषेबाहेरचा जबडा

"...मग हिचे चार दात काढायचेच ना, सर?" कौस्तुभनं विचारलं.

नाडगौडा सरांनी मान वर केली नाही. आयुष्यभर मुलांचे जबडे पाहून झाल्यावर ते आता धडगावात दातांचा छोटासा दवाखाना चालवत होते. कौस्तुभ त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. हे त्याला कुणी सांगावं लागत नसे.

समोर बारा वर्षांची रमीला बसली होती, शेजारी तिचा बाप बिजला पावरा. पोरीचा एकही दात किडलेला नाही, तरी उपटायचे म्हणतात, एवढंच बिजलाला कळलं होतं. तो पार धास्तावला होता.

कौस्तुभनं तिच्या एक्स-रेवर एक पारदर्शक कागद ठेवला. त्यावर चेहऱ्याची आदर्श रेषाकृती छापलेली होती.

"बघा सर. दोन्ही जबडे रेषेच्या पुढे. चार दात काढले, की पुढचे मागे ओढता येतील."

"ही रेषा कुणाची?"

"सरासरी आहे. शेकडो निरोगी मुलांची."

"कुठल्या मुलांची?"

कौस्तुभ अडखळला. "...परदेशातल्या."

सर बिजलाकडे वळले. "कधी गेला होतात का हो तिकडे?"

बिजलानं भेदरून नकारार्थी मान हलवली.

"मी इथल्या पावरा आदिवासी मुलांची वेगळी सरासरी काढीन," कौस्तुभ घाईघाईनं म्हणाला. "हजार चेहरे मोजीन."

"काढ की. काढायलाच हवी. आणि त्या हजारांतलं एक पोर माझ्याकडे घेऊन ये. नेमकं रेषेवर बसणारं."

कौस्तुभनं आजवर मोजलेले चेहरे आठवून पाहिले. तसं एकही पोर त्याला आठवेना.

...

सरांनी टेबलावरचं भाजलेलं कणीस उचलून रमीलाच्या हातात दिलं. "खा गं."

मग कौस्तुभचा हात धरून त्याची बोटं तिच्या कानापुढे टेकवली.

"मीट डोळे."

रमीला दाणे चावू लागली. बोटांखाली हाडाचं टोक पुढे सरकलं, मागे आलं, पुन्हा सरकलं. गालाचा स्नायू फुगला, सैलावला. इतके जबडे मोजले होते त्यानं, पण दर वेळी तोंड मिटायला लावून, हलू नकोस म्हणून दटावून. चालता जबडा कधी हाताला लागलाच नव्हता. या हाडात अजून न उगवलेल्या दाढा होत्या, आणि ते वाढत होतं. आत्ता, त्याच्या बोटांखाली.

त्याला एकदम भरून आलं. हात काढवेना.

...

"बिजलाभाऊ," डोळे न उघडताच तो म्हणाला, "दात राहू देत."

बिजलानं सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला.

"सर... किती वाढेल हो हा जबडा?"

"तिलाही ठाऊक नाही," सर म्हणाले. "तरी बघ, कशी खुशाल खातेय."