हात मांडीखाली

"मग पोरं खेळत का नाहीत, बाबा?"

रखमाजी गुरवानं कपाळ चोळलं. विद्यापीठानं पाच प्राध्यापक त्याच्याकडं धाडले होते, आपापल्या विषयाचा खेळ बनवायला शिका म्हणून. म्हाताऱ्याची शाळा दुसरीत सुटलेली. पण देवळाच्या पायऱ्यांवर कोरलेल्या पटांवर त्याच्याइतकं कुणी खेळलं नव्हतं. चार प्राध्यापक आठवड्यात पळाले. उरली ही भूजल शिकवणारी टिळेकरबाई. खरं तर हिनंच आधी पळायला हवं होतं.

"मागल्या खेपेला काय सांगितलं होतं?"

"कार्डं निम्मी करा."

"किती होती?"

"साठ."

"आता?"

"...नव्वद. पण बाबा, महत्त्वाचं काही सुटायला नको! परवा शेवटचा तास. मग पोरं गावी जाणार, आणि बापाला आणखी एक बोअर मारायला लावणार."

"मांड."

बाईनं पायरीवर चिंचोक्यांचा ढीग ओतला. हे जमिनीखालचं पाणी, दोघांत मिळून एकच. तिची ज्वारी, त्याचा ऊस. विहिरीवरून पाळीला एक चिंचोका. बोअर मारला तर पाच.

रखमाजीनं पहिल्याच पाळीला बोअर मारला.

बाईनं त्याचं मनगट धरलं. "थांबा! इथं कार्ड वाचायचं. अतिउपशाचे परिणाम, मुद्दा पहिला..."

"बाई, मी खेळतोय का परीक्षेला बसलोय?"

"पण तुम्ही चुकताय!"

"मग चुकू दे की मला! माझं रान, माझा ऊस. तुझ्या का पोटात दुखतंय?"

बाईचा हात पुन्हा कार्डांकडं गेला.

"हात मांडीखाली घाल. दोन्ही."

"बाबा, माझी यात पीएच.डी. आहे."

"म्हणूनच दोन्ही म्हटलं. तुझी चाल मी खेळतो."

बाई स्वतःच्या हातांवर बसली. तोंड लाल.

रखमाजी उपसत सुटला. पाच. तिचा एक. पुन्हा पाच. बाईनं तीनदा तोंड उघडलं, त्यानं तीनदा डोळे वटारले. उसाला कांड्यावर कांडं चढत होतं आणि म्हातारा मिशीत हसत होता.

तोडणीला एकच पाळी उरली. त्यानं न बघताच ढिगाकडं हात नेला.

बोटांना दगड लागला.

त्यानं पायरी चाचपली. कार्डांचा गठ्ठा उचलून खाली बघितलं. हात तिथंच राहिला...

"बघितलंत ना, बाबा? यालाच आम्ही—"

"गप," रखमाजी म्हणाला. "माझा ऊस वाळलाय."