पवनकाच्या मांडीतली गाठ

पूर्वी शूर्पारक नगरीत अरिष्टसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या अश्वशाळेत घोड्यांचे अंग चोळणाऱ्यांच्या कुळात जन्मले होते. थकलेले, आखडलेले जनावर ते नुसत्या तळव्यांनी मोकळे करीत. त्या कुळाची एक रीत होती. आधी घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहायचे. घोडा आपण होऊन मान खाली सोडील तेव्हाच हात पुढे चालवायचा.

त्यांचा भाचा सोणक सात वर्षे तक्षशिलेत अश्ववैद्यक शिकून परतला. आपल्या नगरीत एकही मुके जनावर वेदनेत राहू द्यायचे नाही, असे त्याने वाटेतच ठरवले होते.

त्या सुमारास राजाचा लाडका घोडा पवनक मागच्या पायाने लंगडू लागला. मांडीत सुपारीएवढी टणक गाठ आली होती, आणि पौर्णिमेची शर्यत चार दिवसांवर होती.

"दोन महिने विसावा हवा, महाराज," बोधिसत्त्व म्हणाले.

राजा कपाळाला आठ्या घालून निघून गेला. सोणकाला मात्र राहवेना. "मामा, ही गाठ मोकळी करायला अर्धा प्रहर पुरे. तुम्ही नुसते मानेवर हात ठेवून उभे! घोड्याची परवानगी मागता की आशीर्वाद?"

मामा हसले. "दोन्ही. बाळ, ती गाठ पहारेकरी आहे. आत शीर दुखावली आहे. तिच्यावर जोर पडू नये म्हणून मांस आवळून उभे आहे. शीर सांधली की ते आपोआप सैल होईल."

"आणि तोवर त्याने सोसायचे?"

"तोवर आपण सोबत करायची."

सोणकाला हे अडाणीपण वाटले. शर्यतीच्या सकाळी मामा नदीवर गेलेले पाहून त्याने तिळाचे तेल कोमट केले आणि मानेला हात न लावताच पवनकाच्या मांडीत अंगठे रोवले. घोडा थरथरला. त्याने कान मागे पाडले. सोणक थांबला नाही. हळूहळू गाठ विरघळली. पवनक चार पावले सरळ चालला, तेव्हा सोणकाच्या डोळ्यांत पाणी आले. एवढा आनंद त्याला तक्षशिलेतही झाला नव्हता.

राजाच्या स्वाराने ती चाल पाहिली आणि लगेच खोगीर चढवले. त्याला थांब म्हणायला सोणकाला कारण दिसले नाही.

तिसऱ्या वळणावर शीर तुटली.

राजा संतापून अश्वशाळेत आला. "कोणाच्या हाताने हे झाले?"

सोणकाने आपले हात पाठीमागे घेतले.

"इथले सगळे हात मी घडवले, महाराज," बोधिसत्त्व म्हणाले. "दोष माझा. एवढेच मागतो, घोड्याला टाकू नका."

राजाने घोडा ठेवला आणि त्यांना नगरीबाहेर घालवले. वेशीपर्यंत सोणक मागोमाग गेला. "मामा, मी सांगतो राजाला. आत्ता सांगतो."

"मग पवनकाची सेवा कोण करील? तुझे हात चांगले आहेत रे. त्यांना थांबायला तेवढे शिकव."

सोणकाने राजाला कधीच सांगितले नाही. पुढली अकरा वर्षे तो रोज सकाळी पवनकाच्या मानेवर हात ठेवून उभा राही. घोडा त्याच्या हातून चारा खाई, पाणी पिई. पण मान त्याने एकदाही खाली सोडली नाही.

एवढे सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, नजर उचलली. समोर तरुण भिक्षू भद्रजित होता. त्याच दिवशी उत्साहाच्या भरात त्याने आजारी सोबत्याच्या मोडलेल्या हाताची पट्टी वेळेआधीच सोडली होती.

"तेव्हाचा सोणक म्हणजे हा भद्रजित," शास्ते म्हणाले, "पवनक म्हणजे त्याचा आजारी सोबती, आणि तो मामा मी होतो."

भद्रजिताने मान खाली सोडली. शास्त्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि त्या जन्मी पाळलेल्या पारमितेचे, त्या परम गुणाचे, नाव सांगितले: क्षांती, सोसून केलेली क्षमा.