पहिली धार तलवारीला

आमच्या रापी जाळल्या त्या आनंदराव इंगवल्यानं, आणि मूग गिळून बसलेल्या आमच्या म्हाताऱ्यांनी त्या जाळू दिल्या. रापी म्हणजे चामडं कापायचं पातं. आम्ही चपला करणारे तिला पाणी मारून दगडावर सावकाश धार लावतो. इंगवले आमच्या सोसायटीचा अध्यक्ष. जन्मात एक टाका घातला नाही, पण धार लावायच्या ज्या मशीनच्या दुकानात ठिणग्या जास्त उडाल्या तेच घेऊन आला. त्या कोरड्या चाकावर बाबांच्या तीन रापी तापून निळ्या पडल्या. पोलाद मऊ झालं, चामडं कापायच्या ऐवजी फाटायला लागलं.

खंडेनवमीला त्यानं मशीनला हार घातला, शेजारी पूजेला स्वतःच्या पणजोबांची तलवार मांडली आणि फर्मान काढलं, "या मशीनवर जो धार लावणार नाही, त्याला सोसायटीचं चामडं मिळणार नाही."

बाबांनीसुद्धा मान डोलावली. माझं डोकंच फिरलं. मी शाळा सोडलेला, पण बोलणं सोडलेलं नाही.

"रावसाहेब, मान थोरांचा. पहिली धार तुमच्या तलवारीला." मी ती उचलली आणि बटण दाबलं.

"अरे गाढवा, ठेव खाली! पातं जळेल तिचं!"

मी मशीन बंद केलं. "भिंतीवर टांगायची तलवार जळते, आणि जिच्यावर आमची घरं चालतात ती रापी जळत नाही होय?"

तेव्हा कुठे म्हाताऱ्यांना कंठ फुटला.

मशीन परत गेलं. इंगवल्याची अकरा वर्षांची खुर्ची पुढच्याच बैठकीत गेली.