दुसऱ्या टोकाचा माणूस

"पण वाटेत चोर आहे, हे कळतं कसं?" दस्तगीरबाबांनी विचारलं.

डोंगरावरच्या दर्ग्याच्या ओट्यावर विश्वंभर आगाशे तिथल्या या म्हाताऱ्या फकिरासमोर बसले होते. काचेच्या तारेतून उजेड सोडून गुप्त किल्ल्या बनवायच्या, या विद्येत त्यांचं नाव मोठं. बोलण्यात तोच ताठा.

"उजेडावर आकडे चढवतो, बाबा. त्या आकड्यांचीच किल्ली. चोरानं हात घातला की आकडे थरथरतात."

"चोर नसला तर?"

"तरी थोडे थरथरतात. उजेडाचा स्वभावच तो. त्याहून जास्त थरथर दिसली, की ती चोराची धरायची. वाटेत जो उजेड गळला तोही त्यानंच नेला, असं धरायचं."

"सगळं?"

"सगळं. म्हणून तर किल्ली पक्की."

"लई मिळत असतील किल्ल्या."

"नाही... थोड्याच."

बाबा हसले. "आणि थरथर जास्त की नेहमीची, हे ठरवतोस कसं?"

"काही आकडे दोन्ही टोकांनी उघड सांगायचे, ताडून बघायचे. सांगितलेले मग फेकून द्यायचे."

"बरं. इथं कशाला आलास?"

आगाशे खाली बघू लागले.

"दिगंबर पोंक्षे. बारा वर्षं तारेच्या दुसऱ्या टोकाला तोच बसायचा. वैशाखात थरथर वाढली. तारेपाशी आम्हा दोघांशिवाय कुणी नसे. त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. विचारलं. त्याचे हात कापत होते... मी म्हटलं, हाच चोर."

"मग?"

"पावसाळ्यात थरथर आपोआप थांबली. छपरावरची तार उन्हानं तापत होती. एवढंच."

"आणि दिगंबर?"

"त्याला कंपवात होता. घराबाहेर कुणाला सांगितला नव्हता. तार तापते हे मला कळलं, तोवर तो गेला होता. नावावरचा डाग घेऊनच..."

बाबांनी रिकामा पेला पुढे ओढला.

"त्याची बायको आहे, बाबा. तिला जाऊन सांगावं म्हणतो. सगळ्यांसमोर सांगावं लागेल. माझं नाव जाईल."

"उघड सांगितलेले आकडे फेकताना रडतोस?"

"नाही."

बाबांनी सुरई उचलली. वय नव्वदीला टेकलेलं. हात कापत होता. पाणी पेल्यात थोडं, ओट्यावर जास्त.

आगाश्यांनी चटकन पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं.

धार सरळ झाली. पेला भरला.

बाबा धरलेल्या मनगटाकडे बघत राहिले...

"त्या दिवशी त्याचाही हात असाच धरायचा होतास."